चारही बाजू बरोबर असलेलं ग्राउंड

"मॅडम, चारचे आठ करा. जास्त काही मागून न्हाई राह्यलो मी."

गोरे सर माझ्या टेबलासमोर उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात नववीची एक उत्तरपत्रिका. गोरे सर आमचे पीटीचे शिक्षक. त्यांना काही हवं असलं तर ते मैदानाच्या टोकावरून ओरडून मागतात. त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन हळू आवाजात मागत होते, तेव्हाच मी समजले की प्रकरण कबड्डीचं आहे.

उत्तरपत्रिका दीक्षाची होती. दीक्षा म्हणजे आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. घटक चाचणीत तिला भूमितीत वीसपैकी चार मार्क पडले होते. पास व्हायला सात लागतात. एरवी चार मार्कांनी कोणाचं आभाळ कोसळत नाही. पण यंदा मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी माइकवरून जाहीर केलं होतं, की कुठल्याही विषयात नापास झालेलं पोर तालुक्याच्या स्पर्धेत उतरणार नाही. आणि लांबत लांबत थंडीत गेलेल्या त्या स्पर्धा यंदा आमच्याच शाळेच्या मैदानावर व्हायच्या होत्या.

"मला मार्क द्यायला काही नाही सर," मी म्हणाले. "कुठं द्यायचा तेवढं दाखवा."

त्यांनी पत्रिका उघडली, माझ्या लाल रेघा बघितल्या, आणि परत बंद केली.

शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्यांसाठी सांगते. भूमितीत एखादी गोष्ट सिद्ध करायची तर पानाचे दोन भाग करतात. डावीकडे विधान लिहायचं, उजवीकडे त्याचं कारण. 'या दोन बाजू सारख्या आहेत' हे विधान. ते खरं कशावरून, तर 'पक्षात दिलंय' किंवा 'अमुक प्रमेयावरून' हे कारण. पक्ष म्हणजे गणितात आधीच दिलेली माहिती. उजवी बाजू नसली तर डाव्या बाजूला किंमत नाही. निम्म्या पोरांची भूमिती इथंच बसते.

दीक्षाची डावी बाजू झकास होती. एक विधान चुकलेलं नाही, क्रमसुद्धा बरोबर. उजव्या बाजूला मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच कारण होतं. 'दिसतंय.'

मी चार मार्क दिले होते ते आकृतीचे. खरं सांगायचं तर ती पत्रिका तपासताना मला राग यायच्या आधी हसूच आलं होतं.

"तिच्याबिगर संघ म्हंजे इंजनाबिगर गाडी," गोरे सर म्हणाले.

"मग इंजनाला भूमिती शिकवू. मार्क वाढवणार नाही."

पोरं मला कडक म्हणतात. पोरं सहसा खोटं बोलत नाहीत.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. म्हणाले, "मॅडम, खेळाच्या नादात पोरं नापास होतात अशी कुरकुर पालक सभेत झाली. तुम्हीच मान डोलावली होती. आता नियम केला, तर पहिली अडचण तुमचीच?"

"नियम राहू द्या सर. नापास झालेल्या सगळ्यांची फेरचाचणी घ्या. स्पर्धेच्या आधी."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "घेतो. पण पेपर तुम्ही काढायचा नाही. मी दुसऱ्या शाळेतल्या सरांकडून बंद पाकिटात मागवतो. उद्या कोणी म्हणायला नको, की कॅप्टनसाठी सोपा पेपर काढला."

मला ते मान्य करावंच लागलं. वेळ थोडा होता, धडा होता चौकोन, आणि कापूस वेचणीचे दिवस असल्याने वर्गात रोज बाकं रिकामी. दीक्षा मात्र एक दिवस चुकवत नसे, कारण शाळा चुकवली की संध्याकाळची प्रॅक्टिस बुडते.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. उंच, काटक पोर, गुडघ्यावर कायम एक खपली. पत्रिका पुढे केली.

"हे काय लिहिलंस?"

"जे दिसतंय ते लिवलं मॅडम. खोटं हाय का त्याच्यात काही?"

"खोटं नाही."

"मंग?"

या 'मंग'ला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुस्तकातलं उत्तर होतं, की डोळे फसवतात म्हणून सिद्धता लागते. पण जिला समोरच्या रेडरचा खांदा हलला की पाय कुठं पडणार ते कळतं, तिला डोळे फसवतात असं सांगणं म्हणजे माशाला पाण्याची भीती घालणं. मी तिला वर्गात पाठवलं आणि डबा उघडला. त्या डब्याशीच मला खेळ सुचला.

खेळ असा. वर्गातली बाकं भिंतीला लावायची. फरशीवर खडूनं मध्यरेषा. दोन संघ. फळ्यावर एक आकृती. ज्याची रेड असेल त्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडायची आणि दम आहे तोवर आकृतीकडे बघून विचार करायचा. दम संपायच्या आत एक विधान ठोकायचं. समोरच्या संघातल्या कोणीही त्याला विचारावं, 'काहून?' कारण बरोबर दिलं तर विचारणारा आउट. चुकलं किंवा दम तुटला तर रेडर आउट. आउट झालेलं पोर आपल्या संघाला पॉइंट मिळाला की परत आत येणार, खऱ्या कबड्डीसारखंच. अंगाला हात लावायचा नाही, पकड फक्त तोंडानं.

पुस्तकात 'का' असतं, पण आमची पोरं 'काहून' म्हणतात. तेच ठेवलं. प्रमाण भाषेत पकड होत नाही.

पहिल्याच दिवशी एवढा दंगा झाला, की मुख्याध्यापक ऑफिसातून धावत आले. दारात उभे राहिले तेव्हा सोहेल रेडवर होता. सोहेल आमचा पहिल्या नंबरचा पोरगा. अंगानं वाळकी काडी, धावायला सांगितलं तर दप्तर आवरत बसणार. तो बारीक आवाजात कबड्डी कबड्डी करत गेला आणि म्हणाला, "कोन ए आणि कोन सी एकरूप."

"काहून?" समोरून एकजण ओरडला.

"समांतरभुज चौकोनाचे संमुख कोन एकरूप असतात." संमुख म्हणजे समोरासमोरचे. एवढं बोलून तो शांतपणे मध्यरेषेच्या अलीकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा बघून मला एकदम बरं वाटलं.

"हे काय चाललंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"चौकोनाचे गुणधर्म, सर."

त्यांनी फळ्यावरची आकृती बघितली, मग म्हणाले, "खिडक्या लावून घ्या." मी ती परवानगी समजले.

सगळं छान चाललं होतं, फक्त ज्या पोरीसाठी खेळ काढला ती रोज आउट होत होती. दीक्षाचा दम वर्गात सगळ्यात मोठा. जायची, आकृतीवर एक नजर टाकायची, अचूक विधान ठोकायची. समोरून सोहेल अगदी गोड आवाजात विचारायचा, "काहून?" आणि ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "दिसतंय की!"

आउट.

दुसऱ्या रेडला तेच. तिसऱ्या रेडला ती आवाज चढवून म्हणाली, "तुला दिसत न्हाई का?" वर्ग हसला. ती बाहेर जाऊन बसली आणि खपली खरवडत राहिली. पुढे पुढे ती रेडला जाईचना. संघातली पोरं ढकलायची, ही जागची हलायची नाही. एक दिवस मी नाव घेऊन बोलावलं, तर सरळ म्हणाली, "मॅडम, ही कबड्डी न्हाई. माझी कबड्डी ग्राउंडवर हाय. तिथं काहून कोणी विचारत न्हाई. पाय पडला की पडला."

"आणि फेरचाचणीत नापास झालीस तर ग्राउंडवर पाऊल पडणार नाही," मी म्हणाले. मलाही राग आला होता.

तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कोणाला दिसू नये म्हणून फळ्याकडे तोंड करून बसली. दिवसभर मला चैन पडलं नाही.

मी भोकरदनहून जाऊन येऊन करते. आमची शाळा केदारखेड्याच्या बाजूला, रस्त्याला लागूनच. येण्याजाण्याला काळी-पिवळी जीप, आणि त्या रस्त्यावरच्या जीपवाल्यांपैकी एक दीक्षाचे वडील, संतोषभाऊ. त्यांनी निकालाच्या दिवसापासून मला एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. फक्त मी आले की पुढच्या सीटवर बसलेल्याला उठवून मागं पाठवायचे. मला तेच जास्त जड जायचं. त्या संध्याकाळी मात्र बोलले.

"मॅडम, वर्गात कबड्डी खेळवून राह्यल्या म्हणं तुम्ही."

"हो."

"अन् दीक्षा तिथं हारून राह्यली."

"हो भाऊ."

त्यांनी पुढच्या बैलगाडीला हॉर्न दिला. मग म्हणाले, "तिला हारायची सवय न्हाई. तुम्ही कडकच राहा मॅडम. बिलकुल सूट देऊ नका." गिअर बदलला. "पर खेळू द्या तिला."

"दोन्ही एकदम कसं करू?"

"आता ते तुम्हाला माहीत. तुम्ही मास्तरीण."

मी पर्स मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसले.

पुढं जे झालं ते मी योजून केलं असं सांगितलं तर माझी वाहवा होईल, पण तसं नाही. शेजारच्या वर्गाची परीक्षा होती, दंगा चालणार नव्हता, म्हणून मी नववीला मैदानावर नेलं. गोरे सरांनी आदल्याच संध्याकाळी स्पर्धेसाठी कबड्डीचं ग्राउंड आखून ठेवलं होतं. फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा, बघून छाती भरून यावी अशा. फळा नव्हता, तेव्हा आकृती काय घ्यायची? मी म्हणाले, "आज आकृती हीच. हे ग्राउंड आयत आहे. एकेक विधान करत सिद्ध करा." मला वाटलं, सोपं आहे, दीक्षालाही जमेल, जरा हुरूप येईल.

मुलींचं ग्राउंड अकरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. आपल्या मातीवर पाय पडल्यावर दीक्षा आपण होऊन उठली. काय ती चढाई! वर्गातल्या सगळ्या दिवसांचा वचपा काढल्यासारखी सोहेलच्या समोर जाऊन उभी राहिली.

"हे ग्राउंड आयत हाय!"

"काहून?" सोहेल.

"गोरे सरांनी आखलं म्हणून!"

पोरं हसली. मी म्हणाले, "हे कारण बोर्डात चालत नाही. अजून एक संधी."

तिनं दम घेतला. "समोरासमोरच्या बाजू सारख्या हायेत. काल सरांनी टेपनं मोजल्या, मीच टेप धरला होता."

हे तिचं पहिलं खरं कारण. मोजलेलं. मी मनात टाळी वाजवली. पण सोहेल सोडतो का?

"तेवढ्यानं समांतरभुज चौकोन झाला. आयत काहून?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळा वर्ग त्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत होता. तिनं वळून गोरे सरांच्या खोलीच्या ओट्यावर पडलेली आखणीची दोरी उचलून आणली.

"आयताचे कर्ण सारखे असतात ना मॅडम? समांतरभुज चौकोनाचे कर्ण सारखे निघाले तर तो आयत?"

"हो." कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतची रेघ. ते प्रमेय आठवडाभर वर्गात घुमत होतं. ही बाहेर बसून ऐकत होती तर!

"मंग घे, मोजून दाखवते. जल्दी धर ते टोक."

सोहेलनं एका कोपऱ्यात टोक धरलं. तिनं दोरी ताणून समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं गाठ मारली. मग दोघं दुसऱ्या दोन कोपऱ्यांत गेले. तिनं दोरी ताणली. गाठ कोपऱ्यावर यायला हवी होती. गाठ रेषेच्या बाहेर आली, जवळपास हातभर बाहेर.

"तू टोक सोडलं," ती सोहेलवर ओरडली.

"मी न्हाई सोडलं. अम्मी की कसम."

परत मोजलं. तेवढाच फरक. तिनं सोहेलला बाजूला केलं, संघातल्या पोरीला टोक धरायला लावलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. मग दोरी हातात तशीच धरून माझ्याकडे आली.

"मॅडम, आपलं ग्राउंड वाकडं हाय."

मी स्वतः जाऊन दोरी धरली. वाकडंच होतं. त्या मैदानाकडे मी स्टाफरूमच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघते आणि भूमिती शिकवते. ग्राउंड आयत आहे यावर मी कानातल्या कुड्या लावल्या असत्या.

पोरांचा गलका ऐकून गोरे सर आले. ऐकल्यावर लालबुंद झाले. "काय बोलून राह्यल्या मॅडम! टेप लावून आखतो मी. चारही बाजू मोजून घ्या."

मोजल्या. चारही बाजू बरोबर होत्या, बोटाचासुद्धा फरक नव्हता. गोरे सरांचा टेप खोटं बोलत नव्हता. गंमत अशी, की आखताना ते एक बाजू कंपाउंडच्या भिंतीला धरून घेत आणि दुसरी स्टेजच्या ओट्याला धरून. भिंत जुनी, ओटा नंतर कधीतरी झालेला, आणि तो बांधणाऱ्याला भिंतीशी काटकोन साधायची काही गरज वाटली नव्हती. एकदा आखलं ते आखलं. पुढे दर वर्षी जुनी पुसट रेघ दिसायची, तिच्यावरच नवी फक्की पडायची. खाट एका बाजूनं रेटली की कशी कलते, पण तिच्या पाट्यांची लांबी काही बदलत नाही, तसं हे ग्राउंड कललेलं होतं.

सगळे बोलत होते. दीक्षा डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिची जागा लेफ्ट कॉर्नर. तिथून ती दोन पावलं पळाली, थांबली, खाली बघितलं. पाय रेषेबाहेर होता.

"सर," ती गोरे सरांना म्हणाली, "तुम्ही मला ह्या कोपऱ्यात किती रागवता. पाय बाहेर जातो म्हणून. भोकरदनला खेळले तर जात न्हाई. इथंच जातो. मी म्हणायचे, माझाच पाय चुकून राह्यला."

गोरे सरांनी टोपी काढून परत घातली. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनानं वाईट नाही. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पंच काही कर्ण मोजत न्हाईत. राहू द्या तसंच. आपल्या पोरींना ह्याच ग्राउंडची सवय हाय, उलट फायदाच."

दीक्षानं ते ऐकलं. "न्हाई सर. आता माहीत झालं तर कसं खेळू? सगळं ध्यान त्या रेघेवरच राहील."

"मंग काटकोन काढणार कोण?" गोरे सर कुरकुरले.

"आम्ही," नववी ओरडली.

पुढचा तास आणि त्याच्या पुढचा पीटीचा तास, दोन्ही त्यातच गेले. काटकोन काढायची रीत जुनी आहे, गवंडीही वापरतात. दोरीवर तीन, चार आणि पाच मीटरचे भाग करून त्रिकोण ताणायचा. तीन आणि चारच्या मध्ये काटकोनच येतो. स्टेजकडची रेघ कायम ठेवली, भिंतीचा नाद सोडला. सोहेल गाठी मारत होता, दीक्षा ताणत होती, आणि प्रत्येक खुंटीला कोणीतरी 'काहून' विचारत होतं. गोरे सर आधी लांब उभे होते, मग न राहवून त्यांनी फक्कीचा डबा उचलला. शेवटी कर्ण मोजले. गाठ दोन्हीकडे कोपऱ्यावर बसली. गोरे सरांनी शिट्टी वाजवली. कशासाठी ते त्यांनाच माहीत.

त्यानंतर वर्गातला खेळ बदलला. म्हणजे नियम तेच, दीक्षा बदलली. एकदम हुशार झाली असं नाही. पण विधान ठोकायच्या आधी ती थांबायला लागली. कबड्डी कबड्डीचा तो लांबलचक दम आता उजव्या बाजूसाठी कामी येऊ लागला. एक दिवस फळ्यावर आयत होता, दोन कर्ण काढलेले. ती म्हणाली, "हे दोन त्रिकोण एकरूप."

"काहून?" सोहेल.

"बाकोबा!"

बाकोबा हा कोणी देव नाही. बाजू, कोन, बाजू यांचं ते पोरांच्या सोयीचं नाव. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन सारखा असला, की त्रिकोण एकावर एक तंतोतंत बसतात. सोहेलनं कोणती बाजू, कोणता कोन, तेही विचारून घेतलं. तिनं एकेक सांगितलं, शेवटचं सांगताना दम इतका संपला होता की आवाज चिरकला. सोहेल आउट झाला. तो बाहेर जाताना स्वतःच टाळ्या वाजवत गेला. त्या दिवशी खिडक्या लावायच्या राहिल्या, तरी मुख्याध्यापक आले नाहीत.

तिच्या काहूनचा त्रास मात्र मला झाला. भागाकारात शून्य का चालत नाही इथपासून, मधली सुट्टी आठवीची आधी का होते इथपर्यंत. आठवीचं कारण मलाही माहीत नाही.

फेरचाचणीचं पाकीट मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर फोडलं. पेपर मी दोनदा वाचला. दुसऱ्या शाळेतल्या सरांनी आपली विद्वत्ता दाखवून घेतली होती. दोन सिद्धता, त्यातली एक पुस्तकाबाहेरची. गोरे सर व्हरांड्यातून चकरा मारत होते, दर खेपेला खिडकीशी चाल मंदावायची. मी त्यांना हातानं हाकललं.

पत्रिका तपासताना दीक्षाची मी मुद्दाम मधेच ठेवली. पहिली सिद्धता पूर्ण, कारणांसकट. दुसरी निम्म्यावर अडली होती. तिथं डावीकडे विधान बरोबर होतं आणि उजवीकडची जागा कोरी. माहीत नाही म्हणून कोरी सोडलेली, काही ठोकून दिलेलं नाही. त्या कोऱ्या जागेचा मी मार्क कापला, आणि कापताना मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा भरलेल्या ओळींचा वाटला नाही.

वीसपैकी अकरा. मुख्याध्यापकांनी स्वतः परत बेरीज केली आणि सही केली.

मी निकाल सांगितला तेव्हा ती ओरडली नाही, उडी मारली नाही. विचारलं, "दुसऱ्या सिद्धतेत मार्क कशाचे गेले?" मी दाखवलं. ती म्हणाली, "हां, तिथं न्हाई आलं." मग वाकून माझ्या पाया पडली आणि मी उठवायच्या आत मैदानाकडे पळाली.

स्पर्धेला तालुक्यातून बरेच संघ आले होते. आमच्या पोरींना नव्या रेघांनी पहिल्या मॅचमध्ये चांगलंच छळलं. जुन्या सवयीनं सगळ्यांचे पाय चुकत होते, फक्त दीक्षाचे नाही. लेफ्ट कॉर्नरवरून तिनं अशा काही पकडी केल्या, की गोरे सर खुर्चीवर उभे राहिले. फायनलला समोर पिंपळगाव रेणुकाईकडचा संघ. शेवटच्या रेडला एका पॉइंटनं मागं होतो. दीक्षा गेली, दोघींना शिवून परत फिरली आणि मध्यरेषेच्या अलीकडे हात टेकायला एक वीत कमी पडली. तिघींनी मिळून तिला दाबून धरलं. दम तुटला. आम्ही हरलो.

माझा घसा बसला होता, दुसऱ्या दिवशी बीजगणित मुक्यानंच शिकवावं लागलं. गोरे सर म्हणाले, "मॅडम, जुनं ग्राउंड असतं तर जिंकलो असतो." मी विचारलं, "काहून?" ते हसत निघून गेले.

त्या दिवशी संध्याकाळी जीपमध्ये संतोषभाऊंनी पुढची सीट आधीच रिकामी ठेवली होती. मी बसल्यावर म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? पोरगी पहिले हारली की घरी येऊन कोपऱ्यात बसायची. जेवायची न्हाई, बोलायची न्हाई. तिची माय तिच्यासंगं उपाशी. काल आली, हातपाय धुतले, माझ्यापुढं पाटी घेतली अन् मला सगळी मॅच काढून दाखवली. इथं ती उभी, इथं मी, इथं पाय असा पडाया पाहिजे होता. 'आपण काहून हारलो ते सांगते पप्पा तुम्हाला,' म्हणाली. लई वेळ सांगितलं. मला काही कळलं न्हाई." ते हसले. "पर जेवली मॅडम. पोटभर जेवली."

सिद्धता शिकून पुढं काय उपयोग, असं पालक सभेत दर वर्षी कोणीतरी विचारतं. मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही. कोणाच्या शाळेत ग्राउंड आखायचं असेल तर एवढंच सांगते, की बाजू मोजून झाल्या तरी दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय फक्की टाकू नका.